प्रदूषण-संमतिपत्रे व त्यांची तपासणी

प्रदूषण-संमतिपत्रे व त्यांची तपासणी : कारखाने, वीजकेंद्रे, नगरपालिका इत्यादींना आपले टाकाऊ द्रव्य नदीनाल्यात, जमिनीवर किंवा हवेत सोडण्यासाठी शासकीय मंडळाकडून अटींसह मिळणारी लेखी परवानगी म्हणजे संमतिपत्र. या अटी प्रत्यक्षात पाळल्या जातात की नाही, हे पडताळून पाहण्याच्या कार्यास अनुपालन-तपासणी म्हणतात. नैसर्गिक संपत्तीचा वापर सर्वस्वी बंद करणे शक्य नसते आणि तो निर्बंधावाचून चालू ठेवणेही समाजाच्या हिताचे नसते. संमतिपत्र हा या दोहोंमधील मध्यममार्ग होय. तथापि अटींचा कागद आपल्या आप नदीचे रक्षण करू शकत नाही. अट मोडली गेली हे कोणी, केव्हा व कोणत्या पुराव्याने सिद्ध करावयाचे, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न असून तिचा इतिहास बव्हंशी या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे. महाराष्ट्रात हे कार्य महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आपल्या प्रादेशिक व उपप्रादेशिक कार्यालयांमार्फत करते. नागपूर हे त्याचे विदर्भातील एक प्रमुख केंद्र आहे. [⟶ प्रदूषण].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमध्ये या पद्धतीची बीजे रुजली. १८६३ च्या अल्कली कायद्याने सोडा-कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक अम्लाच्या वायूपैकी किमान ९५ टक्के भाग पाण्यात शोषून घेण्याचे बंधन घातले. त्याच्या पालनासाठी नेमलेले पहिले निरीक्षक रॉबर्ट अँगस स्मिथ हे रसायनशास्त्रज्ञ होते. नियमाचा भंग डोळ्यांनी वा नाकाने न ठरविता मोजमापाने ठरवावयाचा, ही दृष्टी तेथून रूढ होत गेली. नद्यांसाठी १८७६ मध्ये कायदा झाला. परंतु त्याची अंमलबजावणी प्रामुख्याने ज्या स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आली, त्यांपैकी अनेक संस्था स्वतःच मैलापाणी नदीत सोडीत असत. त्यामुळे तो कायदा बराच काळ निष्प्रभ राहिला. पुढे एका शाही आयोगाने १९१२ मध्ये प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यासाठी तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा दर लिटरला ३० मिग्रॅ. व जीवरासायनिक ऑक्सिजन मागणीची मर्यादा २० मिग्रॅ. अशी सुचविली. नदीत पुरेसे स्वच्छ पाणी वाहत असून त्यात हे पाणी विरल होईल, असे त्यात गृहीत धरलेले होते. १९५१ च्या कायद्याने नवीन निःस्रावांसाठी नदी मंडळाची पूर्वसंमती आवश्यक ठरविली.

भारतात १८६० च्या दंड संहितेत सार्वजनिक झरा वा जलाशय दूषित करणे हा अपराध मानलेला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने टाकाऊ द्रव्यांच्या विल्हेवाटीची व्यवस्था करण्याची जबाबदारी कारखानदारावर टाकली. या तरतुदी तुटपुंज्या होत्या. कारण पाण्याची नियमित परीक्षा करणारी स्वतंत्र यंत्रणा त्यांच्या पाठीशी नव्हती. १९५३ मध्ये ओरिसाने नदीप्रदूषणासंबंधी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राने १९६९ मध्ये जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम संमत केला आणि त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्याही आधी राज्याने हे पाऊल उचलले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

केंद्रीय जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये आला. पाणी हा राज्यांच्या सूचीतील विषय असल्यामुळे तो राज्य विधिमंडळांच्या ठरावांच्या आधारे करावा लागला. स्वतःचा कायदा असलेल्या महाराष्ट्राने केंद्रीय अधिनियम १ जून १९८१ पासून स्वीकारला. हवेसंबंधीचा केंद्रीय अधिनियम १९८१ मध्ये झाला व तो राज्यात १९८३ मध्ये लागू करण्यात आला. भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला.

संमतिपत्राचे स्वरूप : संमती दोन टप्प्यांत दिली जाते. उद्योग उभारण्यापूर्वी स्थापनेची संमती आणि उत्पादन सुरू करण्यापूर्वी चालविण्याची संमती घ्यावी लागते. संमतिपत्रात उत्पादनाचे प्रमाण, पाण्याचा वापर, निःस्रावाचे दैनंदिन परिमाण, तो सोडण्याची जागा, त्याची गुणवत्ता आणि धुराड्याची उंची इत्यादी बाबी नमूद केलेल्या असतात. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडावयाच्या निःस्रावासाठी सर्वसाधारण मर्यादा जीवरासायनिक ऑक्सिजन मागणी ३० मिग्रॅ., रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मिग्रॅ. आणि तरंगते घन पदार्थ १०० मिग्रॅ. प्रति लिटर अशा आहेत. मंडळ परिस्थितीनुसार अधिक कडक अटी घालू शकते. अर्ज केल्यापासून चार महिन्यांत निर्णय न झाल्यास संमती मिळाली असे मानण्याची तरतूद १९७४ च्या अधिनियमात आहे. त्यामुळे मंडळाच्या दिरंगाईचा लाभ अर्जदारास मिळतो.

याच अधिनियमाने प्रत्येक मंडळावर संमतीच्या अटींची नोंदवही ठेवण्याचे बंधन घातले. एखाद्या निःस्रावमार्गाशी हितसंबंध असलेल्या किंवा त्याची झळ पोहोचलेल्या व्यक्तीस त्यासंबंधीची नोंद पाहण्याचा हक्क आहे. नदीकाठच्या शेतकऱ्याला वा मच्छीमाराला वरच्या बाजूचा कारखाना नेमक्या कोणत्या अटीने बांधलेला आहे हे कळावे, असा या तरतुदीचा आशय आहे. कायद्यातील ही एक मोलाची, परंतु सामान्य लोकांना फारशी परिचित नसलेली तरतूद होय.

नमुना व पुरावा : मंडळाच्या क्षेत्र अधिकाऱ्यास कारखान्यात प्रवेश करण्याचा, कागदपत्रे पाहण्याचा व नमुने घेण्याचा अधिकार आहे. मात्र न्यायालयात चालेल असा नमुना घेण्याची रीत काटेकोर आहे. विश्लेषणाचा हेतू असल्याची सूचना भोगवटादारास तेथल्या तेथे द्यावी लागते. त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करून ते स्वतंत्र पात्रांत भरले जातात. पात्रांवर मोहोर लावून दोघांच्या सह्या घेतल्या जातात. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे आणि भोगवटादाराची मागणी असल्यास दुसरा राज्य शासनाने त्यासाठी नेमलेल्या प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. भोगवटादार हेतुतः गैरहजर राहिला किंवा त्याने सही करण्यास नकार दिला, तर काय करावे हेही कायद्यात सांगितले आहे.

ही दक्षता आरोपीच्या संरक्षणासाठी आवश्यक आहे. परंतु तिच्यात कोठेही त्रुटी राहिल्यास सगळा खटला कोसळतो. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका बाटलीबंद पेये तयार करणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात, नमुन्याचे विश्लेषण कायद्याने सांगितलेल्या रीतीने झाले नाही म्हणून त्याचा अहवाल पुरावा म्हणून स्वीकारला नाही. पाणी दूषित होते किंवा नव्हते, या मुद्द्यापेक्षा ते कोणत्या बाटलीत व कोणत्या प्रयोगशाळेत गेले हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

दुसरी अडचण कालाची आहे. जीवरासायनिक ऑक्सिजन मागणीची मूळ परीक्षा २०° से. तापमानास पाच दिवस चालते. भारतातील उष्ण हवामान लक्षात घेऊन पुढे २७° से. तापमानास तीन दिवसांची परीक्षा प्रमाण मानण्यात आली. तरीही उत्तर हाती येईपर्यंत ज्या पाण्याचा नमुना घेतला ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. शिवाय एक नमुना एका क्षणाचे चित्र दाखवितो. दिवसा शुद्धीकरण संयंत्र चालू ठेवून रात्री ते बंद केल्यास दुपारी घेतलेला नमुना निर्दोष ठरतो. शुद्धीकरणासाठी वीज, रसायने व मनुष्यबळ यांचा रोजचा खर्च असल्यामुळे असा मोह स्वाभाविक आहे. म्हणून अनुभवी निरीक्षक केवळ पाणी पाहत नाही. तो विजेच्या मीटरची नोंद, रसायनांच्या खरेदीची देयके व संयंत्रातून निघालेल्या गाळाचे प्रमाणही पाहतो. शुद्धीकरण खरोखर झाले असेल, तर गाळ निघालाच पाहिजे.

दंडाकडून निर्देशांकडे : १९७४ च्या अधिनियमात मुख्य भर फौजदारी खटल्यावर होता. खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि तोवर निःस्राव चालू राहत असे. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळांना उद्योग बंद करण्याचे, तसेच त्याचा वीज व पाणीपुरवठा तोडण्याचे निर्देश देण्याचा थेट अधिकार मिळाला. त्याच वेळी ६० दिवसांची सूचना देऊन नागरिकालाही न्यायालयात तक्रार करण्याची मुभा देण्यात आली. यानंतर कारणे दाखवा नोटीस, अंतरिम निर्देश व बंदचा आदेश अशी चढती श्रेणी व्यवहारात आली. महाराष्ट्रात सुधारणेची हमी म्हणून उद्योगाकडून बँक हमी घेण्याची आणि अट न पाळल्यास ती जप्त करण्याची प्रथाही रूढ झाली. मंडळांना अशा रकमा घेण्याचा अधिकार आहे काय, यासंबंधी दीर्घकाळ वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या समितीच्या प्रकरणात, झालेली हानी भरून काढण्यासाठी वा संभाव्य हानी टाळण्यासाठी नियमांच्या चौकटीत राहून मंडळे भरपाई आकारू शकतात व हमी घेऊ शकतात, असा निर्णय दिला. २०२४ च्या दुरुस्तीने जल अधिनियमातील अनेक अपराधांसाठी कारावासाऐवजी १०,००० ते १५ लाख रुपयांपर्यंत आर्थिक शास्तीची तरतूद केली. ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू करण्यात आली.

स्वयंनिवेदन व यांत्रिक मापन : निरीक्षकांची संख्या उद्योगांच्या तुलनेने नेहमीच अपुरी राहिली. म्हणून माहिती देण्याचा भार क्रमाक्रमाने उद्योगांवर टाकण्यात आला. १९७७ च्या जल उपकर अधिनियमाने उद्योग व स्थानिक संस्था यांच्याकडून पाणीवापरावर उपकर घेतला जाई आणि त्यासाठी मीटर व विवरणपत्रे आवश्यक ठरली. हा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर रद्द झाला. १९९२-९३ पासून प्रत्येक संमतिधारकाने दरवर्षी पर्यावरण विवरणपत्र सादर करावे, असा नियम झाला. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अतिप्रदूषक अशा १७ वर्गांतील उद्योगांना निःस्राव व धूर यांचे सतत मापन करणारी उपकरणे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाकडे पाठविण्याचे निर्देश दिले. २०१६ मध्ये उद्योगांचे प्रदूषणक्षमतेनुसार लाल, नारिंगी, हिरवा व पांढरा असे वर्ग ठरविण्यात आले. त्यांपैकी पांढऱ्या वर्गास संमतीची आवश्यकता ठेवली नाही. कमी उपद्रवी उद्योगांवरील देखरेखीचा वेळ वाचवून तो अधिक उपद्रवी उद्योगांकडे वळवावा, हा त्यामागील हेतू होता.

स्वयंनिवेदनात एक मूलभूत दोष संभवतो. ज्याची परीक्षा घ्यावयाची, तोच परीक्षकाचे वेतन देतो. गुजरातेत २००९-११ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी तेथील मंडळाच्या सहकार्याने यासंबंधी प्रयोग केला. लेखापरीक्षकाची निवड व त्याचे शुल्क उद्योगाकडे असताना अहवाल बहुधा मर्यादेच्या किंचित खालचे आकडे दाखवीत. परीक्षक सोडतीने नेमून, त्याचे शुल्क सामायिक निधीतून देऊन व काही ठिकाणी फेरतपासणी केल्यावर अहवाल अधिक सत्य झाले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. महाराष्ट्र मंडळाने ५ जून २०१७ रोजी धुराड्यांतील धूलिकणांच्या मापनावरून उद्योगांना एक ते पाच तारे देऊन ती श्रेणी लोकांसमोर ठेवण्याची योजना सुरू केली. बंदच्या आदेशाची भीती जेथे पुरत नाही, तेथे लोकनिंदेची भीती काही काम करील, अशी त्यामागील अपेक्षा होती.

नागपूर परिसर : या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा नागपूरच्या परिसरात स्पष्टपणे दिसतात. शहरात आधुनिक कारखानदारीचा आरंभ १८७७ मध्ये एम्प्रेस मिलने झाला. १९५८ मध्ये येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९७४ मध्ये, म्हणजे जल अधिनियमाच्याच वर्षी, तिचे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) असे नामांतर झाले. अशा रीतीने मोजमापाचे शास्त्र व मोजावयाचे प्रदूषण ही दोन्ही या शहरात एकमेकांच्या शेजारी नांदत आली आहेत. हिंगणा व बुटीबोरी येथे औद्योगिक वसाहती असून उत्तरेस कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत.

शहरातून वाहणारी नाग नदी पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द जलाशयाला मिळते. नाग नदीचे मुख्य प्रदूषण कारखान्यांचे नसून शहरातील मैलापाण्याचे आहे. येथे १८७६ च्या इंग्रजी कायद्यासमोरील पेच नव्याने उभा राहतो. महानगरपालिकेलाही मैलापाणी सोडण्यासाठी संमती लागते. परंतु कारखाना बंद करता येतो, तसे शहर बंद करता येत नाही. वीज वा पाणी तोडण्याचे हत्यार येथे निरुपयोगी ठरते आणि अखेर दंड भरावयाचा झाला तर तो करदात्यांच्याच पैशांतून भरला जातो. या पेचातून एक विधायक मार्गही निघाला. भांडेवाडी येथे प्रक्रिया केलेले मैलापाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविण्याची, दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेची योजना महानगरपालिका व वीजनिर्मिती कंपनी यांनी आखून अमलात आणली. शुद्ध केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक मिळाले, की शुद्धीकरण हा निव्वळ खर्च राहत नाही आणि पाण्याची गुणवत्ता तपासण्यात ग्राहकाचाही स्वार्थ निर्माण होतो.

वीजकेंद्रांच्या राखेने दुसरी मर्यादा उघड केली. कोळशाची राख पाण्यात मिसळून नळांवाटे विस्तीर्ण तळ्यांत साठविली जाते. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतळ्याचा बांध फुटला; राखमिश्रित पाणी शेतांत तसेच कोलार व कन्हान नद्यांत शिरले आणि कन्हानवर अवलंबून असलेल्या शहराच्या पाणीपुरवठ्यावर त्याचा परिणाम झाला. निःस्रावाच्या नळाशी घेतलेला कोणताही नमुना या संकटाची पूर्वसूचना देऊ शकला नसता. संमतिपत्रातील अंक नळातून बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी बोलतात. धोका मात्र मातीच्या बांधात दडलेला होता. बांधाची मजबुती, पावसाळ्यापूर्वीची पाहणी व राखेचा वेळच्या वेळी उठाव या बाबीही पाण्याच्या गुणवत्तेइतक्याच काटेकोरपणे तपासाव्या लागतात. डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेचा संपूर्ण उपयोग न करणाऱ्या केंद्रांवर भरपाई आकारण्याची तरतूद केली आहे.

तिसरी मर्यादा बेरजेची होय. मंडळ एकेका निःस्रावमार्गास संमती देते, नदीला मात्र सर्वांची बेरीज सोसावी लागते. प्रत्येक कारखान्याने आपली मर्यादा पाळली, तरी उन्हाळ्यात प्रवाह आटल्यावर नदीत मुख्यतः निःस्रावच वाहतो. १९१२ च्या आयोगाने गृहीत धरलेले विरलीकरणाचे पाणी विदर्भातील नद्यांत वर्षातील अनेक महिने नसते. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नोंदविलेले असून त्यांपैकी ५३, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, महाराष्ट्रातील होते. वैनगंगा, कन्हान व कोलार यांचा त्यांत समावेश होता. शेजारच्या चंद्रपूर क्षेत्राचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक २००९ मध्ये ८३.८८ आढळला. ७० हून अधिक निर्देशांक असलेल्या क्षेत्रांत नव्या प्रकल्पांचा विचार करणे केंद्र शासनाने जानेवारी २०१० मध्ये काही काळ थांबविले. एकेका कारखान्याऐवजी संपूर्ण परिसराची सहनशक्ती मोजण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयत्न होता.

इतर देशांतील पद्धती : अमेरिकेत १९७२ च्या कायद्यानुसार परवानाधारकाला आपल्या निःस्रावाचे नियमित अहवाल द्यावे लागतात, ते लोकांना खुले असतात आणि त्यांच्याच आधारे त्याच्यावर कारवाई होऊ शकते. न्यूझीलंडमध्ये १९९१ च्या साधनसंपत्ती व्यवस्थापन कायद्याने पाण्याचा उपसा व निःस्राव यांची संमती देणे आणि तिच्यावर देखरेख ठेवणे ही दोन्ही कामे प्रादेशिक परिषदांकडे सोपविली. नदीखोऱ्यांच्या आधारे बहुतांशी आखलेल्या या परिषदा लोकनिर्वाचित असतात व तपासणीचा खर्च संमतिधारकाकडून वसूल करू शकतात. पाण्याचा उपसा व पाण्यात सोडलेली घाण यांचा हिशेब एकाच वहीत मांडला जाणे, हा त्या पद्धतीचा विशेष होय. महाराष्ट्रात पाण्याचे वाटप व पाण्याचे प्रदूषण हे विषय निरनिराळ्या संस्थांकडे आहेत. २००५ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे हक्कवाटपाचा व दरांचा विषय आहे आणि निःस्रावाचा विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

मूल्यमापन : पाच दशकांहून अधिक काळात या पद्धतीने निश्चितपणे काही साधले. निःस्राव सोडणे हा उद्योगाचा निसर्गसिद्ध हक्क नसून ती सशर्त सवलत आहे, ही कल्पना कायद्यात व व्यवहारात स्थिरावली. शुद्धीकरण संयंत्रे व सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, तसेच प्रयोगशाळांचे जाळे विणले गेले. संमतिपत्रांच्या संख्येत वाढ होत असताना नद्यांचे दूषित पट्टे मात्र त्या मानाने घटले नाहीत. अटी पुरेशा नाहीत असे याचे कारण दरवेळी नसते. बहुधा अटींच्या पाठीशी उभा राहणारा स्वतंत्र, वेळेवर मिळालेला व सर्वांना पाहता येणारा पुरावा पुरेसा नसतो. यंत्रे आकडे अखंड पाठवितात, परंतु यंत्राची शलाका योग्य जागी बुडविलेली आहे की स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवलेली आहे, हे पाहण्यास माणूसच जावे लागते. कन्हानच्या काठी राहणाऱ्या माणसाला पाण्याचा रंग व वास बदलल्याचे निरीक्षकाच्या आधी समजते. त्याच्यासाठी नोंदवही उघडी असणे, त्याच्या तक्रारीवरून वेळेत नमुना घेतला जाणे आणि त्या नमुन्याचा निष्कर्ष त्याला कळणे, या तीन गोष्टींवर संमतिपत्राचे खरे मोल अवलंबून आहे.